केसाएवढी फट

मार्तंडरावांच्या जुन्या बीटल गाडीचं इंजिन मेहकरच्या गोकुळ मिस्त्रीपुढं उघडं पडलं होतं. आतला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, मागंपुढं सरकत होता.

"बेअरिंग बदला लागते सर. आठ दिवस थांबा."

"गाडी आज संध्याकाळी द्यायची आहे. तू जाड वायसर टाकून तो घट्ट बसव. घेणारा हलवून पाहील, हलला नाही पाहिजे."

"केसाएवढी फट ठेवाच लागते. नाहीतं तापलं की इंजिन भर रस्त्यात जाम होईल."

"नागपूरपर्यंत गेली तर गेली. एकदा विकली, की माझा संबंध संपला."

गोकुळला त्या माणसाची शिसारी आली. मागून ट्रक येत असतील, याचंही याला काही नाही.

"घेऊन कोन राह्यलं?"

"आमचे जावईच. जुन्या गाड्यांचं वेड आहे त्यांना. गार्गी आणि ते आजच निघतील."

गोकुळनं पाना खाली ठेवला. गार्गीची स्कूटी लग्नाआधी तोच दुरुस्त करायचा, नंबर होता त्याच्याकडं. त्यानं मार्तंडरावांच्या समोरच फोन लावला.

"गार्गीताई, गाडी आठ दिवसांनी भेटंल. काऊन, ते तुमच्या बाबांले विचारा. घ्या सर, बोला."