माळावरचा ठिपका

बायको, सरू, गेल्याचं कळलं, तेव्हा हवालदार कडूबा रडारच्या गाडीत पडद्यासमोर बसला होता. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून निरोप उशिरा पोचला. "ताई शेवटपर्यंत दाराकडं बघत होती," मेहुणी म्हणाली.

तेरावं उरकून तो कामावर परतला. गाडी शहराबाहेरच्या माळावर उभी होती. भर दुपारी पडद्यावर ठिपका उमटला. तो गारखेड्याकडून, त्याच्या घराच्या बाजूनं, माणसाच्या चालीनं येत होता.

"पाखरू असंल, दादा," शेजारी बसलेला झीशान म्हणाला.

"पाखरू असं सरळ येतंय व्हय? अन् इतकं सावकाश काही असलं तर मशीन दाखवतच नाय." कडूबाला यंत्राची पक्की खात्री होती.

नियमाप्रमाणं त्यानं बटण दाबून ठिपक्याला ओळख विचारली. याला फक्त आपली विमानंच उत्तर देतात.

उत्तर आलं. आपलं.

झीशाननं कॅमेरा फिरवला. "दादा, माळावर कुणीच नाय."

ठिपका पडद्याच्या मधोमध येऊन थांबला. मधोमध म्हणजे हीच गाडी.

कडूबानं हेडफोन काढून ठेवला. "घाबरू नको. आपलंच माणूस हाय."

बाहेरून कडी हलली.

दार उघडायचं तेवढं राहिलं आहे.