उजेडातली शेवंती

भैय्याजींनी शेवंतीचं पान उलटं करून पाहिलं, चिमूटभर माती नाकाशी नेली आणि परत डब्यात टाकली. सारी उमर महाराजबागेत माळीकाम करण्यात गेलेली. झाडाची चौकशी पुरी झाल्याशिवाय माणसाशी बोलायचं नाही, अशी त्यांची रीत.

"झाड तं पह्यलवान हाय," ते म्हणाले. "कीड नाही, रोग नाही."

"मंग कळी काहून धरून नाही राहिली?" रुख्माबाईंनी विचारलं. "मार्गशीर्ष लागला ना, भैय्याजी."

अंगणात तेलाचे आठ डबे ओळीनं मांडलेले होते. सून पंचफुलानं लग्नानंतर उमरेडहून, माहेरून, ही रोपं एसटीत मांडीवर धरून आणली होती. दोन वर्षं अंगण पिवळंधमक झालं. महाल भागातल्या बाया गुरुवारच्या पूजेला इथूनच फुलं मागून न्यायच्या. औंदा मात्र नुसता पाला माजला. त्याचं कारण रुख्माबाईंना पक्कं ठाऊक होतं, भैय्याजींना बोलावलं होतं ते फक्त उपाय विचारायला. दिवाळी झाली तेव्हाच त्यांनी चार शेजारणींसमोर सुनेला धारेवर धरलं होतं : बाहेर बसायच्या दिवसांत तू लपूनछपून झाडांना हात लावलास. पंचफुला नाही म्हणाली. रुख्माबाई तिला खोटारडी म्हणाल्या आणि त्या दिवसापासून डब्यांजवळ फिरकू दिलं नाही. तेव्हापासून सून विचारलं तेवढंच बोलते.

भैय्याजींनी मान वर केली. अंगणाच्या भिंतीला लागूनच विजेचा खांब होता.

"हे ट्यूब कधी लागली?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी," रुख्माबाई हौसेनं म्हणाल्या. "मीच तं लावून घेतली. मेंबराच्या घरी सात खेपा मारल्या. नारळ फोडला खांबापाशी."

"रातभर जळते?"

"जळते ना. अंगणात सुई पडली तं दिसते."

भैय्याजी हसले. "मंग झालं तं! शेवंतीले रात्र मोठी लागते, बाई. दिवस लहान झाला, अंधार लांबला, का ते कळी धरते. तुमी तिले उजेडात उभी केली. तिले वाटून राहिलं, अजून आखाडच चालू हाय. फुलन कायची?"

रुख्माबाईंनी खांबाकडे पाहिलं. सात खेपा, एक नारळ.

"म्हंजे... कोनाचा हात लागल्यानं नाही?"

"हातानं काय होते? मी चाळीस वर्षं हात लावला झाडायले. घरामागं अंधारात एखादं ठेवलं असन तं पाहा, फुललं असन."

ठेवलेलं होतं. न्हाणीमागं, बाहेर बसायच्या जागेपाशी, फुटक्या घमेल्यात पंचफुलानं एक फुटवा लावला होता. तो गेल्या आठवड्यापासून फुलांनी लगडला होता, आणि रुख्माबाईंना तो दिसला नव्हता असंही नाही. हात वाईट म्हणावा, तर रोज जिचा हात लागतो ते झाड फुललं कसं, हा प्रश्न मनात आलाच होता. त्यांनी तो तिथं टिकू दिला नाही. उलट, स्वतःचं तेवढं फुलवून बसली मेली, असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथं चोराला तर त्यांनी नारळ वाहिला होता.

भैय्याजी चहा पिऊन गेले. आत मुलाच्या हातमागाची खटखट चालू होती. या घरात येऊन रुख्माबाईंनी सासूचं पुष्कळ ऐकलं होतं, पण खोटारडी असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. मग पदर सावरून त्या मागच्या दारानं न्हाणीकडे गेल्या.

पंचफुला पोत्यावर बसली होती. आज तिचा तिसरा दिवस. सासूला पाहून ती अंग चोरून भिंतीकडे सरकली.

"पंचफुला," रुख्माबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग एका दमात म्हणाल्या, "तुह्यानं नाही झालं वं ते. त्या लाइटानं झालं. भैय्याजीनं सांगतलं."

पंचफुलानं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर रुख्माबाईंना बरं वाटलं असतं.

"तुमाले आज समजलं, आत्याबाई," ती म्हणाली. "मी हात लावला नाही, हे मले तं पह्यल्याच दिवशी माहीत होतं."

रुख्माबाईंचे डोळे भरून आले. पोरीला जवळ घ्यावं, शेजारणींना बोलावून त्यांच्यासमोरच घ्यावं, असं त्यांना फार वाटलं. त्या खाली वाकल्या, तिच्या पाठीवरून फिरवायला हात पुढे केला.

"शिवू नोका, आत्याबाई," पंचफुला हळूच म्हणाली. "ह्या थंडीत पुन्हा आंघोळ करा लागन तुमाले."

काहून वं, लागली तं लागली, असं रुख्माबाई म्हणणारच होत्या. पण शब्द तोंडातून निघायच्या आधी त्यांचा हात आपसूक मागं आला होता.