पान्हा

बायकोचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि शेळीची धार काढायचं काम म्हाताऱ्यावर आलं. कालपासून शेळी पान्हा सोडत नव्हती. कास तट्ट भरलेली, हात लावला तरी ती लाथ झाडायची. दूध साचून कास सुजली म्हणजे संपलंच. तो थकून भिंतीला टेकला.

"अहो, मुक्याने बसलात तर ती काय देणार?" खिडकीआडच्या पलंगावरून बायको म्हणाली. "बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

"मी रोज बोलते तेच."

ती रोज काय बोलते, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"राहू द्या. तुम्ही नुसती बोटं चालवा." मग ती शेळीशीच बोलू लागली. "काय सांगू बाई तुला, रात्रभर पाय ठणकतोय. हाक मारावी, तर हे पुस्तकात बुडालेले. थोडं मलाही वाचून दाखवा म्हटलं, तर म्हणतात, तुला कंटाळा येईल..."

शेळीने कान टवकारले. भांड्यात धार वाजू लागली.

बऱ्याच वेळाने बायकोने विचारलं, "झालं का हो?"

कास केव्हाच रिकामी झाली होती. शेळीच्या पोटाला डोकं टेकून तो म्हणाला, "नाही, अजून आहे. तू बोल."