जावांचा डाव

वृद्धाश्रमात दर दुपारी कॅरम रंगायचा, पण थोरली आणि धाकटी जाऊ कधीच एका बोर्डावर बसत नसत. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. वाटणीवरून त्यांनी धरलेला अबोला ते गेल्यावरही या दोघी पाळत होत्या. एके दिवशी स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि त्या नेमक्या जोडीदार झाल्या. डाव मुकाट्यानेच चालला. थोरलीने राणी घेतली. आता लगेच दुसरी सोंगटी गेली नाही, तर राणी हातची जाणार होती. मनगट हवेतच ठेवून ती घाईघाईने स्ट्रायकर मारायला गेली. "जाऊबाई, मनगट टेकवा. आपली कुठे गाडी सुटतेय?" धाकटी म्हणाली. थोरलीने मनगट टेकवलं. सोंगटी अलगद आत गेली. परिचारिका म्हणाली, "उद्या जोड्या बदलू." "बाकीच्यांच्या खुशाल बदला," थोरली म्हणाली. "आमचं आत्ता कुठे जमलंय." चहा निवला तरी दोघी आपापल्या नवऱ्यांच्या हट्टीपणावर हसत होत्या.