बाबांच्या हातची चूक

बाबांनी बरोबर असलेला शब्द चुकीचा करून ठेवला होता.

तिने लॅपटॉपवर ती ओळ पुन्हा वाचली आणि त्या पानाच्या बदलांचा इतिहास उघडला. कुणी कधी कुठलं अक्षर हलवलं, ते सगळं तिथे दिसतं. काल संध्याकाळपर्यंत पान ठणठणीत होतं. सकाळी बाबांनी ते उघडलं आणि 'पुस्तक'चं 'पूस्तक' करून ठेवलं.

तिने बदलाशेजारचं नाव पुन्हा पुन्हा तपासलं.

कारण बाबा म्हणजे कुणी साधासुधा वाचक नव्हे. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. लग्नाची पत्रिका हातात आली तरी हा गृहस्थ आधी चुका काढणार आणि मग कुणाचं लग्न आहे ते बघणार. पण आई गेली आणि बाबा खिडकीशी बसून राहिले. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर नाही. तेव्हा एका सकाळी तिने त्यांच्यापुढे लॅपटॉप सरकवला. ती फावल्या वेळात ज्या प्रोग्रॅमवर काम करायची, तो कुठल्या कंपनीचा नव्हता. लहान लहान वाचनालयांना वापरता यावा म्हणून ठिकठिकाणची हौशी मंडळी तो मिळून लिहायची, तेही फुकट. त्यात दुरुस्ती करायला कुणालाही मज्जाव नव्हता.

"मदतीची पानं आणि कोडशेजारची टिपणं मी लिहिते," ती म्हणाली होती. "पण माझ्या शुद्धलेखनाची बोंब आहे, बाबा. कुणीतरी बघायला हवं."

बाबांनी एक पान वाचलं, कपाळाला हात लावला आणि खुर्ची पुढे ओढली. त्या दिवसापासून घराला पुन्हा आवाज आला. "अगं, 'विनंती'ला दोन्हीकडे पहिलीच वेलांटी? कुठे फेडशील हे पाप?" हे सकाळच्या चहाबरोबर ऐकायची सवयच झाली. "तुझ्या चुकांवर बाबांची तब्येत सुधारतेय," असं नवरा चिडवायचा, आणि ती मान खाली घालून हसायची.

आणि आता हे.

तिने मागचे बदल चाळले. एक नाही, बऱ्याच ठिकाणी बाबांनी चांगल्या शब्दांची वाट लावली होती. त्यांच्या मागोमाग 'भूगोलबाई' नावाने कुणीतरी येऊन ती प्रत्येक चूक दुरुस्त करून जात होतं. शेजारी लिहिलेलं असायचं, "साहेब, नजरेतून निसटलं असावं." म्हणजे कुणी परकी बाई बाबांना सांभाळून घेत होती आणि पोटच्या पोरीला त्याचा पत्ता नव्हता. तिला रडू आवरेना.

"विसरायला लागलेत रे," तिने नवऱ्याला सांगितलं. "आईला जाताना बघितलं. आता हे डोळ्यांसमोर हरवत जाणार."

"आधी डॉक्टरांना दाखवू," तो म्हणाला. "उगाच नाही नाही ते मनात आणू नकोस."

बाबांना तिने नजर तपासण्याचं निमित्त सांगितलं. ते एका पायावर तयार झाले. कडक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि भांग पाडत आरशापुढे रेंगाळले.

"दवाखान्यात जायचंय बाबा, लग्नाला नाही."

"माणसाने नीटनेटकं असावं," असं म्हणत ते गुणगुणत जिना उतरले. ती मात्र वाटभर त्यांचा हात घट्ट धरून होती.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवून नावं विचारली, शब्द लक्षात ठेवायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले. बाबांनी सगळं घडाघडा सांगितलं. वर भिंतीवरच्या तक्त्यात एक अनुस्वार राहिलाय, हेही सांगून मोकळे झाले.

"यांना काहीही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "आपणच यांच्यापुढे पाणी भरावं."

तिच्या जिवात जीव आला. आणि जिवात जीव आल्यावर माणसाला जे होतं तेच झालं, तिला राग आला. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "मग त्या चुका कशा झाल्या? मी स्वतः पाहिल्यात. तुमच्याच हातच्या आहेत."

बाबा भांगावरून हात फिरवू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

"त्या भूगोलबाई," ते म्हणाले. "शाळेतून निवृत्त झाल्यात. एकट्याच असतात. माझी एक खरीखुरी चूक काढली त्यांनी. माझी, कळलं? मग दोन शब्द बोलणं झालं. मग रोजच होऊ लागलं. पण बाई मोठ्या संकोची. काही काम निघाल्याशिवाय त्या पानावर फिरकत नाहीत. मग मी काय करणार? ठेवतो एखादी चूक."

"मुद्दाम?"

"आता तशी गरज पडणार नाही. इथून मी परस्पर बागेत जातोय. भेटायचं ठरलंय आमचं."

हसावं की रडावं तेच तिला कळेना. शेवटी हसूच आलं, इतकं की समोरचे पेशंट वळून बघू लागले. डोळे पुसत ती म्हणाली, "धन्य आहे तुमची. माणूस धरून ठेवायला चुका पेरायच्या, ही अक्कल तुम्हाला सुचली तरी कुठून?"

बाबा उठले आणि त्यांनी शर्ट नीट केला.

"तुझ्याकडूनच," ते म्हणाले. "शाळेत होतीस तेव्हा तुझ्या निबंधात भिंग घेऊन शोधलं तरी मला चूक सापडायची नाही."