वर चार मिरच्या

"पंचवीस? अहो मावशी, आमच्या सदाशिव पेठेत हीच जुडी पंधराला मिळते!"

बालेवाडीतल्या टॉवरच्या फाटकाशी बसलेल्या भाजीवालीला मृणालिनीताईंनी खडसावलं. कुठल्या भागात घर परवडेल हे एजंट नव्हे, कोथिंबीर सांगते, असं त्यांचं ठाम मत होतं. घासाघीस करून त्यांनी जुडी वीसला मिळवली. "आता वर चार मिरच्या टाका."

"मिरच्या फुकट न्हाईत, ताई." भाजीवालीनं टोपलीवर हात ठेवला.

"चिक्कू बाई," असं पुटपुटत ताई तेवढ्यात आलेल्या एजंटबरोबर नवव्या मजल्यावर गेल्या आणि फ्लॅट बघून विरघळल्याच. पेठेतल्या दोन अंधाऱ्या खोल्या विकून इथं तीन खोल्या आणि वर बाल्कनी येत होती. फक्त सात लाख कमी पडत होते.

"तेवढे मी मालकीणबाईंना कमी करायला लावते," ताईंनी पदर खोचला. "मला भाव करता येतो."

एजंटनं त्यांना खाली आणलं आणि थेट त्या टोपलीपुढे उभं केलं. "ह्याच मालकीणबाई. टॉवर यांच्याच शेतावर उभा आहे. बिल्डरनं बदल्यात सहा फ्लॅट दिलेत, पण यांना रिकामं बसवत नाही."

ताईंचा खोचलेला पदर आपोआप सुटला. तरी त्यांनी धीर करून विचारलं, "मावशी, सात लाख कमी कराल?"

मावशींनी त्यांना नीट न्याहाळलं. मग टोपलीतल्या चार मिरच्या मोजून ताईंच्या पिशवीत टाकल्या.

"फ्लॅटचा भाव त्योच. ह्या घ्या वर."