इमारतीची शोभा

जुन्या घरी अँटेना बसवायची आमची पद्धत ठरलेली होती. मी छपरावर चढून दांडा फिरवायचो आणि ही खाली टीव्हीसमोर बसून ओरडायची, "आलं... गेलं... अहो, थांबा, आलं."

फ्लॅटमध्ये आलो आणि हिने अंथरूण धरलं. तिचं गाण्यांचं जुनं चॅनेल अँटेनाशिवाय दिसत नव्हतं, म्हणून गच्चीवर अँटेना लावायची परवानगी मागायला मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो.

"काका, गच्ची सगळ्यांची आहे. आणि इमारतीची शोभा जाते हो," ते म्हणाले. त्यांच्या एसीचा डबा तेव्हा आमच्याच खिडकीवर टपटप गळत होता. घर ज्याचं त्याला अँटेना लावायचा हक्क असतो, हा सोसायटीच्याच पुस्तकातला नियम मी त्यांना वाचूनही दाखवला. "मीटिंगमध्ये घेऊ," म्हणाले. प्रत्येक मीटिंगमध्ये पार्किंगवरून जुंपायची आणि आमचा विषय पुढे ढकलला जायचा. घरी आलो की बंद टीव्हीकडे बघत ही विचारायची, "काय म्हणाले हो ते?"

ती गेल्यावर सेक्रेटरी भेटायला आले. माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाले, "काका, कमिटीने एकमताने मंजुरी दिलीये. आता तुम्ही एकटे, जिवाला काही विरंगुळा हवा. खुशाल लावा अँटेना."

मी म्हटलं, "लावतो की. फक्त खालून 'आलं' म्हणून ओरडायला कमिटीतल्या कोणाला तरी पाठवा."